किती काळ टिकणारं? कालावधी सांगणाऱ्या इंग्रजी विशेषणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात आपल्यापैकी पुष्कळजण चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीला इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसतात. पुढे अर्ज, ईमेल, करार, डॉक्टरचा रिपोर्ट, सगळंच इंग्रजीत येतं. व्याकरण सांभाळून घेता येतं, पण नेमका शब्द निवडताना हात थांबतो. ‘टेंपररी’ लिहू की ‘प्रोव्हिजनल’? ‘लाइफलाँग’ की ‘लाइफटाइम’? पेडण्यापासून काणकोणापर्यंतचे विद्यार्थी, पालक, पंचायतीतले कारकून, हॉटेलात आणि बोटीवर काम करणारे असे प्रश्न सतत पाठवतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सारखे प्रश्न जोडून एक केले आहेत.

१. एखादी गोष्ट किती काळ टिकते हे सांगायला ‘लाँग’ आणि ‘शॉर्ट’ पुरत नाहीत का? बाकीचे एवढे शब्द कशाला?

बोलण्यापुरते पुरतात. पण हे दोन शब्द फक्त लांबी सांगतात. बाकीची बहुतेक विशेषणं लांबीपेक्षा शेवटाविषयी बोलतात. शेवट ठरलेला आहे का? तो कोण ठरवणार? संपल्यावर तीच गोष्ट पुन्हा सुरू होणार का? मधे खंड पडतो का? किनाऱ्यावरचा शॅक, म्हणजे खाण्यापिण्याची झोपडी, सात-आठ महिने उभा असतो, तरी तो ‘टेंपररी’. पर्मनंट नोकरी कोणी चार महिन्यांत सोडली, तरी ती नोकरी ‘पर्मनंट’च होती. म्हणून शब्द निवडताना ‘किती दिवस?’ याआधी ‘ही गोष्ट कशी संपणार?’ असं विचारावं. खालची बहुतेक उत्तरं या एका प्रश्नातूनच निघतात.

२. ‘शॉर्ट’ आणि ‘ब्रीफ’ एकच ना?

वेळेपुरते जवळजवळ एकच. ‘शॉर्ट’ उंचीला, अंतराला, केसांनाही चालतं. ‘ब्रीफ’ वेळेला आणि बोलण्या-लिहिण्याला. ‘ब्रीफ व्हिजिट’ म्हटलं की थोडा औपचारिक सूर येतो. सुट्टीला मात्र ‘शॉर्ट हॉलिडे’ म्हणावं, तेच कानाला बरं वाटतं. ‘लाँग’ आणि ‘लेंग्दी’ या जोडीत फरक मनातल्या भावनेचा आहे. ‘लेंग्दी स्पीच’ म्हटलं की ऐकणारा कंटाळला होता हेही सांगून झालं. मुख्य पाहुण्यांच्या भाषणाचे आभार मानताना ‘लेंग्दी’ लिहू नका.

३. ‘पर्मनंट’ म्हणजे कायमचं. मग पर्मनंट पत्ता बदलतो कसा?

‘पर्मनंट’चा अर्थ ‘कधीच संपणार नाही’ असा नाही. ‘संपण्याची तारीख ठरवलेली नाही आणि बदलायचा विचारही नाही’ एवढाच आहे. पर्वरीत भाड्याने राहणारा वाळपईचा माणूस अर्जात वाळपईचं घर पर्मनंट म्हणून लिहितो, कारण भाड्याची मुदत संपल्यावरही तो पत्ता राहणार असतो. उद्या ते घर विकलं तर पर्मनंट पत्ताही बदलेल, आणि त्यात काही चूक नाही.

दातांचं पाहा. मुलांचे वीस दुधाचे दात पडून बत्तीस ‘पर्मनंट टीथ’ येतात. तेही म्हातारपणी पडतात, पण त्यांच्या जागी तिसरे दात यायचे नसतात, म्हणून ते पर्मनंट. पॅन कार्डातला ‘पी’ पर्मनंटचाच. पत्ता बदलला, नोकरी बदलली, लग्नानंतर आडनाव बदललं, तरी तो दहा अक्षर-अंकांचा क्रमांक तोच राहतो. आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीला होतो आणि गोवा त्याचं ‘पर्मनंट व्हेन्यू’ म्हणून ओळखलं जातं. म्हणजे दरवर्षी नवं शहर शोधायचं नाही, इतकाच त्याचा अर्थ.

४. शॅकला परवाना मागताना ‘टेंपररी’ लिहायचं की ‘सीझनल’?

दोन्ही शब्द लागतात, कारण दोन्ही वेगळी गोष्ट सांगतात. ‘टेंपररी’ म्हणजे हे बांधकाम काढून टाकलं जाणार. ‘सीझनल’ म्हणजे ते ठराविक हंगामात असतं आणि पुढच्या हंगामात पुन्हा येतं. शॅक पावसाळा ओसरल्यावर उभे राहतात आणि पुढचा पाऊस यायच्या आधी उतरवावे लागतात. किनारपट्टी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठीच्या भागात हे दोन शब्द जोडीने आले आहेत, ते याचसाठी. नुसतं ‘टेंपररी’ म्हटलं तर पुढच्या वर्षाचं काही कळत नाही. नुसतं ‘सीझनल’ म्हटलं तर कोणी म्हणेल, धंदा हंगामी आहे, पण चौथरा सिमेंटचा चालेल. सरकारी कागदात अशी फट राहू देऊ नये.

लग्नाचा मांडव ‘टेंपररी’ आहे, ‘सीझनल’ नाही. पावसाळ्यात येणारी अळंबी ‘सीझनल’ आहेत, त्यांना कोणी ‘टेंपररी’ म्हणत नाही. आपण बसवलेल्या, नेमलेल्या, उभारलेल्या गोष्टींना ‘टेंपररी’ शोभतं, निसर्गक्रमाला ‘सीझनल’.

५. पेपरात ‘हंगामी सभापती’ वाचलं. मग ‘सीझनल स्पीकर’ म्हणायचं का?

नाही. मराठीतला ‘हंगामी’ फार कामं करतो. हंगामी फळ ‘सीझनल’, हंगामी कामगार ‘सीझनल’ किंवा ‘टेंपररी’, आणि हंगामी सभापतीला वेगळाच शब्द लागतो. निवडणुकीनंतर नव्या विधानसभेत आमदारांना शपथ देण्यासाठी आणि नवा सभापती निवडला जाईपर्यंत जो ज्येष्ठ सदस्य खुर्चीवर बसतो, तो ‘प्रो टेम स्पीकर’. हा लॅटिन तुकडा आहे, अर्थ ‘सध्यापुरता’.

त्याच घरातले आणखी शब्द आहेत. मूळ अधिकारी रजेवर असताना किंवा पद रिकामं असताना काम पाहणारा तो ‘अ‍ॅक्टिंग’. राजीनामा दिलेलं, पण नवं सरकार येईपर्यंत गाडा चालवणारं मंत्रिमंडळ ‘केअरटेकर’. दोन पक्क्या व्यवस्थांच्या मधला पूल म्हणजे ‘इंटरिम’. मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि नवे येईपर्यंत सर्वांत जुन्या शिक्षिका कार्यभार पाहत असतील, तर त्या ‘अ‍ॅक्टिंग हेडमिस्ट्रेस’. त्यांच्या नावापुढे ‘टेंपररी’ लिहिलं तर त्यांची नोकरीच कच्ची आहे असा समज होईल. हा अपमान नकळत होतो आणि ऐकणाऱ्याला तो लागतो.

६. विद्यापीठाचं ‘प्रोव्हिजनल सर्टिफिकेट’ म्हणजे तात्पुरतं प्रमाणपत्र. मग नोकरीला ते चालतं कसं?

चालतं, कारण ‘प्रोव्हिजनल’मध्ये कच्चेपणा नाही. त्यात ‘पक्कं पुढे येणार आहे, तोवर हे धरा’ असं आश्वासन आहे. तुम्ही उत्तीर्ण झालात हे त्या कागदाने सांगितलेलंच असतं. पदवीचा कागद दीक्षान्त समारंभानंतर मिळतो, तोवर हा दाखवायचा.

‘टेंपररी’ संपतं तेव्हा नुसतं संपतं. ‘प्रोव्हिजनल’ संपतं तेव्हा त्याची जागा पक्की गोष्ट घेते, किंवा अट पुरी झाली नाही तर ते रद्द होतं. ‘प्रोव्हिजनल अ‍ॅडमिशन’मध्ये ही अट नीट वाचा. बहुतेक वेळा एखादा दाखला अमुक तारखेपर्यंत द्यायचा असतो आणि न दिल्यास जागा जाते. ‘इंटरिम’ यांच्या मधे बसतं. कोर्टाचा ‘इंटरिम ऑर्डर’ अंतिम निकालापर्यंत चालतो, पण अंतिम निकाल तसाच येईल असं त्यात मुळीच नसतं. ‘टेंटेटिव्ह’ हा शब्द कालावधीचा नव्हेच. ‘टेंटेटिव्ह डेट’ म्हणजे अंदाजे ठरवलेली तारीख. पुष्कळजण तो ‘टेंपररी’च्या जागी वापरतात, ते टाळा.

७. नोकरीच्या जाहिरातीत ‘टेंपररी’, ‘काँट्रॅक्ट’, ‘कॅज्युअल’, ‘प्रोबेशनरी’ असतं. यातलं चांगलं कुठलं?

शब्दापुरतं सांगायचं तर ‘प्रोबेशनरी’. त्यात कायम होण्याची वाट आहे. परीक्षेचा काळ ठरलेला असतो आणि काम समाधानकारक वाटलं तर नेमणूक पक्की होते. ‘काँट्रॅक्ट’मध्ये मुदत कागदावर असते, बोटीवरच्या कराराप्रमाणे इतके महिने आणि मग घरी. ‘टेंपररी’त मुदत असेलच असं नाही, काम संपलं की नेमणूक संपते. ‘कॅज्युअल’ म्हणजे गरज पडेल त्या दिवशी बोलावणं. जाहिरातीतल्या एका शब्दावर विसंबून पुढचं पाऊल टाकू नका. नेमणूकपत्रात मुदतीचं वाक्य शोधा, खरं काय ते तिथे लिहिलेलं असतं.

८. ‘फिफ्टीन इअर्स सर्टिफिकेट’ की ‘फिफ्टीन-इअर’? आणि दीड दिवसाच्या गणपतीला इंग्रजीत काय म्हणायचं?

आकडा आणि काळाचं एकक मिळून विशेषण झालं आणि ते नामाच्या आधी आलं, की एकक एकवचनात राहतं आणि मधे जोडरेघ येते. जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैअखेरपर्यंतची मासेमारीबंदी म्हणजे ‘सिक्स्टी-वन-डे बॅन’. ‘डेज’ नाही. कार्निव्हल ‘फोर-डे फेस्टिव्हल’. चवथीला घरात बसवलेला दीड दिवसाचा गणपती ‘वन-अँड-अ-हाफ-डे गणपती’, आणि इथे चारही जोडरेघा हव्यात.

नामाच्या नंतर आलं तर नियम उलटतो. ‘द बॅन लास्ट्स सिक्स्टी-वन डेज’ हे बरोबर, कारण इथे ‘डेज’ हे साधं नाम आहे.

नोकरीसाठी मामलेदाराकडून आणायचा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला नियमाने ‘फिफ्टीन-इअर रेसिडेन्स सर्टिफिकेट’ व्हायला हवा. छापील फॉर्मवर ‘इअर्स’ असेल तर त्या फॉर्मचं नाव लिहिताना जसंच्या तसं लिहा. कारकुनाशी व्याकरणावर वाद घालून दाखला लवकर मिळत नाही.

एक पर्याय आणखी आहे. ‘टू मंथ्स’ लीव्ह’ असं षष्ठीतलं रूपही बरोबर, पण तिथे अपॉस्ट्रॉफी लागते आणि जोडरेघ नसते. दोन्ही एकदम वापरू नका.

९. ‘इअर-लाँग’ आणि ‘इअर-राउंड’?

‘इअर-लाँग’ कोर्स एक वर्ष चालतो आणि संपतो. ‘इअर-राउंड’ सेवा बाराही महिने, दरवर्षी चालू असते. कळंगुटचं हॉटेल पावसाळ्यातही उघडं असेल तर ‘इअर-राउंड’ लिहा. ‘इअर-लाँग’ लिहिलंत तर पुढच्या वर्षी बंद होणार असं वाटेल.

१०. ‘अ‍ॅन्युअल’, ‘बायअ‍ॅन्युअल’, ‘बायएनियल’, ‘डिसेनियल’ हे कालावधीचे शब्द आहेत का?

मुख्यतः नाहीत. ते ‘किती वेळाने’ हे सांगतात, ‘किती वेळ’ हे नाही. जुन्या गोव्यातलं सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाचं प्रदर्शन दर दहा वर्षांनी होतं, म्हणून ते ‘डिसेनियल’. पण ते चालतं साधारण दीड महिना. गेल्या वेळी २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं. ‘डिसेनियल’ वाचून कोणी ते दहा वर्षं चालतं असं समजत नाही, पण ‘बायअ‍ॅन्युअल’ आणि ‘बायएनियल’ यांत घोटाळा हमखास होतो. ‘बायअ‍ॅन्युअल’ वर्षातून दोनदा, ‘बायएनियल’ दोन वर्षांतून एकदा. नोटिशीत हे दोन्ही शब्द न वापरता ‘ट्वाइस अ इअर’ किंवा ‘एव्हरी टू इअर्स’ लिहावं असं माझं स्पष्ट मत आहे. वाचणाऱ्यांतले निम्मे तरी चुकतात.

वनस्पतिशास्त्रात मात्र हेच शब्द खरोखर आयुष्य मोजतात. भात ‘अ‍ॅन्युअल’, एका हंगामात रुजून, पिकून, मरणारं. गाजर, कोबी, कांदा ‘बायएनियल’, पहिल्या वर्षी वाढ आणि दुसऱ्या वर्षी फुलं-बी. आपण ते पहिल्या वर्षीच काढून खातो, म्हणून दुसरं वर्ष कोणाला दिसत नाही. नारळ, काजू, सुपारी ‘पेरेनियल’. बारावीच्या पेपरात शब्द कुठल्या विषयात आला आहे ते आधी पाहा.

११. ‘पेरेनियल’ नदी म्हणजे कायमची नदी का? आणि ‘पेरेनियल प्रॉब्लेम’?

नदीच्या बाबतीत मराठीतला ‘बारमाही’ अगदी चपखल बसतो. मांडवी आणि झुआरी बारमाही, म्हणून ‘पेरेनियल’. गावातला व्हाळ जूनला वाहू लागतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर आटतो, त्याला ‘सीझनल’ किंवा ‘इंटरमिटंट’ म्हणतात. तिसराही प्रकार आहे. डोंगरउतारावरची जी घळ पाऊस पडत असताना आणि त्यानंतर थोडा वेळच वाहते, ती जलशास्त्राच्या भाषेत ‘इफेमरल’. भूगोलाच्या पेपरात या तीन शब्दांची अदलाबदल केली तर गुण जातात.

‘पेरेनियल प्रॉब्लेम’ म्हणजे वर्षानुवर्षं डोकं वर काढणारी अडचण. ती रोज असेलच असं नाही, पण गेली असं वाटतं तोच पुन्हा येते. शहरात पार्किंग मिळत नाही ही तक्रार या शब्दाने बरोबर मांडता येते.

‘एव्हरग्रीन’ वेगळा. आंब्याचीही पानं गळतात, पण सगळी एकदम नाहीत, म्हणून झाड ‘एव्हरग्रीन’. सागवान उन्हाळ्यात उघडं पडतं, म्हणून ते ‘डेसिड्युअस’. दोन्ही झाडं ‘पेरेनियल’च आहेत.

१२. ‘इफेमरल’, ‘ट्रान्झिअंट’, ‘फ्लीटिंग’, ‘मोमेंटरी’. सगळ्यांचा अर्थ कोशात ‘क्षणिक’ दिला आहे. मग फरक काय?

या प्रश्नाला कोशातली एक ओळ पुरत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

‘मोमेंटरी’ मोजता येण्यासारखं आहे. वीज गेली आणि लगेच आली, फोनवरचा आवाज तुटला, वक्ता बोलता बोलता थांबला. सेकंदांचा मामला. त्यात भावना नाही.

‘फ्लीटिंग’मध्ये निसटून जाणं आहे. पाहणाऱ्याला ती गोष्ट धरून ठेवायची असते आणि ती पुढे निघून जाते. चालत्या बसमधून दिसलेला ओळखीचा चेहरा, म्हणजे ‘फ्लीटिंग ग्लिम्प्स’. दृष्टिक्षेप, भास, हसू यांना तो शोभतो, बांधकामाला किंवा नोकरीला नाही.

‘ट्रान्झिअंट’ हा वाटसरूचा शब्द आहे. येतं, थोडं थांबतं, पुढे जातं. विमानतळावर ऐकू येणारा ‘ट्रान्झिट’ त्याच मुळाचा. डॉक्टर, इंजिनिअर, हॉटेलवाले हा रोज वापरतात. हॉटेलात थोड्या दिवसांसाठी उतरणारा पाहुणा ‘ट्रान्झिअंट गेस्ट’. एक सावधगिरी मात्र घ्या. ‘ट्रान्झिअंट इस्केमिक अटॅक’मध्ये तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं ही लक्षणं बहुधा थोड्या वेळात निवळतात, पण तो पक्षाघाताचा इशारा असतो. रिपोर्टात ‘ट्रान्झिअंट’ वाचून ‘गेलं ना, मग झालं’ असं समजू नका, तातडीने इस्पितळात जा.

‘इफेमरल’ यातला सर्वांत देखणा. मूळ ग्रीक, अर्थ ‘एका दिवसापुरतं’. मेफ्लाय नावाच्या कीटकांच्या गणाला शास्त्रात ‘इफेमेरॉप्टेरा’ म्हणतात, कारण पंख फुटल्यावर ते काही तास किंवा फार तर एखाद-दोन दिवस जगतात. त्याआधीचं पाण्यातलं त्यांचं आयुष्य मात्र काही महिन्यांचं, काहींचं वर्षाहूनही जास्त असतं.

गोव्यात या शब्दाचा अर्थ डोळ्यांनी पाहायचा तर पावसाळ्यात एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, जा. मे महिन्यात तापलेल्या जांभ्या दगडावर काही नसतं. पाऊस स्थिरावला की खळग्यांत बोटभर पाणी आणि चिमूटभर माती साठते, आणि तेवढ्यात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं उठतात. वनस्पतीशास्त्रज्ञ या हिरवाईला ‘इफेमरल फ्लश व्हेजिटेशन’ म्हणतात. पाऊस सरला की सगळं वाळून जातं. चार महिने टिकूनही ती ‘इफेमरल’ ठरते, कारण आधार देणारं पाणीच अल्पजीवी. ज्यांना सडा म्हणजे ओसाड पडीक जमीन वाटते, त्यांनी हा शब्द लक्षात ठेवूनच तिथे पाय ठेवावा.

म्हणून ‘इफेमरल’ मोलाच्या, सुंदर, जपाव्याशा वाटणाऱ्या गोष्टींना वापरा. चवथीला गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची माटोळी ‘इफेमरल आर्ट’ म्हणून दाखवता येईल. वीज खंडित होण्याच्या सूचनेत तो शब्द हास्यास्पद होईल.

१३. ‘मोमेंटरी’ आणि ‘मोमेंटस’?

एकमेकांच्या उलट म्हटले तरी चालतील. ‘मोमेंटस’ म्हणजे अतिशय महत्त्वाचा. १९ डिसेंबर १९६१ हा गोव्यासाठी ‘मोमेंटस’ दिवस. तिथे ‘मोमेंटरी’ लिहिलं तर मुक्ती क्षणभर टिकली असा अर्थ होईल. आणि विमानात ‘वुई विल लँड मोमेंटरिली’ ऐकलंत तर घाबरू नका. अमेरिकी इंग्रजीत त्याचा अर्थ ‘थोड्याच वेळात’ असा होतो, ब्रिटिश वळणाच्या कानाला ‘क्षणभरापुरतं’ असं ऐकू येतं.

१४. रिपोर्टात ‘क्रॉनिक’ लिहिलंय. आजार फार गंभीर आहे का?

‘क्रॉनिक’ गांभीर्य सांगत नाही, काळ सांगतो. ग्रीक ‘क्रोनोस’ म्हणजे काळ, त्यातून तो आला. मराठीत ‘जुनाट’ किंवा ‘दीर्घकालीन’. साधी सर्दीही महिनोन्‌महिने राहिली तर क्रॉनिक म्हणतात. ‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे अचानक सुरू झालेला आणि सहसा थोड्या काळात बरा होणारा किंवा बिघडणारा. ‘अ‍ॅक्यूट’ आजार सौम्य असू शकतो आणि ‘क्रॉनिक’ जीवघेणाही.

किती दिवसांनी ‘क्रॉनिक’ म्हणायचं हे आजारागणिक बदलतं. मूत्रपिंडाच्या विकाराला तीन महिन्यांहून जास्त, हेपटायटिस बीला सहा महिन्यांहून जास्त.

घोटाळा होण्याचं कारण ‘अ‍ॅक्यूट’चा दुसरा अर्थ. वर्तमानपत्रात ‘अ‍ॅक्यूट वॉटर शॉर्टेज’ म्हणजे तीव्र पाणीटंचाई, तिथे तो खरोखर तीव्रता दाखवतो. मराठीत वैद्यकीय ‘अ‍ॅक्यूट’लाही ‘तीव्र’च लिहिलं जातं, त्यामुळे घरचे उगाच धास्तावतात आणि ‘क्रॉनिक’ला मात्र ‘जुनंच आहे’ म्हणून सोडून देतात. रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना दोन वेगळे प्रश्न विचारा: किती दिवसांचं आहे, आणि किती गंभीर आहे.

१५. पाऊस ‘कंटिन्युअस’ की ‘कंटिन्युअल’?

संततधार, न थांबता, ती ‘कंटिन्युअस’. पडतो, थांबतो, परत पडतो आणि तसं दिवसभर चाललं तर ‘कंटिन्युअल’. मराठीत आपण दोन्हींना ‘सारखा पडतोय’ म्हणतो. ‘इंटरमिटंट’ही अधूनमधूनचाच, पण त्यात वैतागाचा सूर नाही, हवामानाच्या बातमीला तो शोभतो. ‘इन्सेसंट’मध्ये ‘पुरे झाला आता’ हे आलंच. वीज पुन्हा पुन्हा जाते अशी तक्रार लिहिताना ‘कंटिन्युअल पॉवर कट्स’ लिहा. ‘कंटिन्युअस’ लिहिलं तर वीज गेली ती आलीच नाही असा अर्थ.

१६. ‘बेमुदत उपोषण’ म्हणजे ‘अनलिमिटेड’? ‘इन्फिनिट’? ‘एंडलेस’?

‘इंडेफिनिट’. मुदत जाहीर केलेली नाही, इतकंच. मागणी मान्य झाली तर उद्याही संपेल. ‘इन्फिनिट’ म्हणजे अनंत, तो गणिताचा आणि अध्यात्माचा. ‘एंडलेस’ म्हणजे संपता न संपणारं, बहुधा वैतागून म्हटलेलं. ‘अनलिमिटेड’ हा कालावधीचा शब्दच नाही, तो थाळीचा आणि इंटरनेट डेटाचा. बेमुदत स्थगित झालेल्या बैठकीसाठी ‘साइन डाय’ हा लॅटिन शब्दप्रयोग चालतो.

१७. कोर्टाच्या कागदात ‘परपेच्युअल इंजंक्शन’ आहे. जमिनीवर कायमची बंदी आली का? आणि जन्मठेप चौदा वर्षांची ना?

१९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) इंजंक्शनचे, म्हणजे मनाई हुकमाचे, दोन प्रकार आहेत. ‘टेंपररी’ हुकूम ठराविक काळापर्यंत किंवा कोर्टाचा पुढचा आदेश येईपर्यंत चालतो आणि दाव्याच्या कुठल्याही टप्प्यावर मिळू शकतो. ‘परपेच्युअल’ हुकूम मात्र गुणदोषांवर सुनावणी होऊन हुकूमनाम्यानेच मिळतो, आणि ज्याच्याविरुद्ध आहे त्याला ते कृत्य कायमचं करता येत नाही. बंदी त्या माणसाच्या त्या कृत्यावर असते. ते कृत्य नेमकं कुठलं, हे हुकमातच वाचावं लागतं, आणि वकिलाला दाखवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

जन्मठेपेचं ‘लाइफ’ खरोखर आयुष्यभराचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने उरलेलं नैसर्गिक आयुष्य असाच अर्थ लावला आहे. सरकार शिक्षेत सूट देऊ शकतं, पण काही गंभीर गुन्ह्यांत चौदा वर्षं पुरी होण्याआधी सुटका करता येत नाही. चौदाचा आकडा तिथून लोकांच्या तोंडी बसला.

१८. ‘इटर्नल’, ‘एव्हरलास्टिंग’, ‘टाइमलेस’ यांत शाश्वत कुठलं? ‘शाश्वत विकास’ला ‘इटर्नल डेव्हलपमेंट’ म्हणता येईल?

नाही, तो ‘सस्टेनेबल डेव्हलपमेंट’. पुढच्या पिढ्यांचं नुकसान न करता चालू ठेवता येईल असा विकास. मराठीत ‘शाश्वत’ने इथे नवं काम पत्करलं आहे. गीतेतल्या आत्म्याच्या वर्णनातला ‘शाश्वत’ मात्र ‘इटर्नल’: ज्याला आरंभ नाही, अंतही नाही. ‘एव्हरलास्टिंग’ला आरंभ असतो, अंत नसतो. ‘टाइमलेस’ म्हणजे काळाचा परिणाम न होणारं, अभंग किंवा जुनी बंदिश यांना शोभणारं. देवळातल्या नंदादीपाला ‘परपेच्युअल लॅम्प’ म्हणावं, कारण तो कोणीतरी तेल घालून अखंड तेवत ठेवतो.

१९. ‘लाइफ मेंबर’ आणि ‘लाइफलाँग मेंबर’ एकच का? ‘लाँग-लास्टिंग’ आणि ‘लाँग-स्टँडिंग’?

वाचनालयाचा आजीव सभासद ‘लाइफ मेंबर’. काल वर्गणी भरली असली तरी. लहानपणापासून आजवर सभासद असलेला तो ‘लाइफलाँग मेंबर’. पहिला पुढे पाहतो, दुसरा मागे. ‘लाइफटाइम’ पुरस्काराला आणि वॉरंटीला लागतो, आणि वॉरंटीतलं ‘लाइफ’ बहुधा वस्तूचं असतं, तुमचं नव्हे. अटी वाचा.

‘लाँग-स्टँडिंग’ही मागे पाहणारा आहे. शेजाऱ्याशी असलेला जुना वाद, जुना स्नेह, जुनी मागणी. ‘लाँग-लास्टिंग’ पुढेही पाहतो, रंग, बॅटरी, परिणाम यांना तो चालतो. ‘ड्युरेबल’ वापरूनही न झिजणाऱ्या वस्तूंचा. मासळी ‘पेरिशेबल’, बर्फाची पेटी ‘ड्युरेबल’.

२०. ‘व्हेरी पर्मनंट’ का चालत नाही, आणि ‘व्हेरी ब्रीफ’ का चालतं?

‘ब्रीफ’मध्ये कमी-जास्त करता येतं. ‘पर्मनंट’, ‘इटर्नल’, ‘एंडलेस’ एकतर आहेत किंवा नाहीत. त्यांना ‘व्हेरी’ लागत नाही, ‘ऑलमोस्ट’ मात्र लागतं: ‘ऑलमोस्ट पर्मनंट’. ‘टेंपररी’ला सरकारी कागदांत ‘प्युअरली’ जोडतात, ते निव्वळ तात्पुरतं या अर्थाने, आणि ते बरोबर आहे.

२१. ‘शॉर्ट-लिव्हड’ म्हणायचं की ‘शॉर्ट-लाइव्हड’?

दोन्ही. हा शब्द ‘लाइफ’ या नामावरून बनला, म्हणून ‘लाइव्हड’ला आधार आहे, आणि ‘लिव्हड’ ब्रिटिश वळणात सर्रास ऐकू येतो. तोंडी परीक्षेत यावर गुण जात नाहीत. जोडरेघ विसरलात तर लेखी परीक्षेत जातील.

२२. ‘लास्टिंग पीस’ बरोबर, मग ‘द पीस इज लास्टिंग’ बाईंनी का खोडलं?

कारण ‘इज’नंतर आलेला ‘लास्टिंग’ विशेषण न राहता क्रियापद वाटतो. वाचणारा ‘शांतता सध्या तरी टिकते आहे’ असं समजतो, आणि तुम्हाला ‘टिकाऊ शांतता’ म्हणायचं असतं. नामाआधी ‘लास्टिंग’ ठेवा. नामानंतर हवं असेल तर ‘पर्मनंट’ किंवा ‘ड्युरेबल’ घ्या. ‘लाइफलाँग’, ‘इअर-लाँग’ हेही नामाआधीच बरे दिसतात. ‘ब्रीफ’, ‘टेंपररी’, ‘शॉर्ट-लिव्हड’ दोन्हीकडे बिनदिक्कत चालतात.